नाव घातलेला कुकर

महेंद्र रणपिसेचा हात आधी उठायचा, कारण मागून यायचं. अंबरनाथमध्ये त्याला ओळखणारा प्रत्येक जण हे जाणून होता आणि बोलताना जरा अंतर राखूनच उभा राहायचा. अंगाने तो काही पैलवान नव्हता. आनंदनगरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या कंपनीत प्रेस मशीन चालवून मनगटं तेवढी जाड झालेली. बाकी माणूस किडकिडीत, केस पिकलेले, नाकावर चष्मा. हा चष्मा काढून त्याने शर्टाच्या खिशात ठेवला, की समोरच्याने समजून घ्यायचं आणि जमल्यास पळायचं.

त्याच्या मारामाऱ्या वस्तीत लोकांना तोंडपाठ होत्या. आईला धक्का मारणाऱ्या रिक्षावाल्याचं कपाळ त्याने त्याच्याच रिक्षाच्या काचेवर आपटलं होतं. काच फुटली आणि कपाळही. कंपनीत एक फोरमन त्याच्या जातीवरून बोलला, तेव्हा महेंद्रने त्याचं तोंड मशीनखालच्या तेलाच्या ट्रेमध्ये दाबून धरलं. फोरमनच्या नाकातोंडात तेल गेलं, महेंद्र निलंबित झाला, परत आला. पुन्हा कुणी तसं बोललं नाही, हे मात्र खरं. त्याचे वडील शंकरराव दारूगोळ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी करून निवृत्त झालेले, शांत माणूस. अर्ज कर, तक्रार कर, कायदा आपल्याच माणसाने लिहिलाय, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. महेंद्रने वडिलांचे अर्ज धूळ खाताना पाहिले होते आणि स्वतःची बुक्की लगेच लागू पडताना पाहिली होती. त्यातून जो धडा घ्यायचा तो त्याने घेतला.

बायको मायावरही त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा हात उगारला होता. मायाच्या हातात लाटणं होतं. तिने ते त्याच्या गळ्याखालच्या हाडावर असं हाणलं की हाड तडकलं. आपण जिन्यावरून पडलो, असं त्याने डॉक्टरला सांगितलं. त्यानंतर घरात त्याचा हात उठला नाही. मुलगी स्वप्नाली झाली, तिला तर त्याने कधी टपलीही मारली नाही. शाळेत तिची वेणी ओढणाऱ्या मुलाच्या बापाला मात्र तो जाऊन बडवून आला होता.

त्याला अडवणारी एकच व्यक्ती होती, त्याची आई गंगूबाई. ती ओरडायची नाही. मागून येऊन त्याचं मनगट धरायची आणि म्हणायची, "महिंद्रा, पुरे." तेवढ्याने तो थांबायचा. गंगूबाई गेली आणि ते मनगट धरणारं कुणी उरलं नाही.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. विहारात वंदना, मग जेवण. विहाराला आईच्या नावाने काहीतरी द्यायचं महेंद्रच्या मनात होतं. पौर्णिमेला तिथे खीर व्हायची, जयंतीला डाळभात व्हायचा आणि सगळं एका पोचे आलेल्या पातेल्यात शिजायचं. म्हणून त्याने मोठा, जाड बुडाचा कुकर द्यायचं ठरवलं. माया म्हणाली, बाजारात जाऊन हाताने वाजवून घेऊ. महेंद्रने मोबाइल काढला. तेवढाच कुकर ऑनलाइन स्वस्त होता आणि विक्रेता उल्हासनगरचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी घरी.

कुकर आला. चकचकीत, वजनदार, अगदी ऐटबाज. महेंद्रने तो त्याच पावली किसनशेठच्या भांड्यांच्या दुकानात नेला आणि नाव घालून घेतलं. आपल्याकडे भांडं घरात आलं की आधी त्यावर नाव, मग त्यात अन्न. स्मरणार्थ द्यायचं भांडं तर नावाशिवाय द्यायचंच नसतं. किसनशेठ कुरकुरले, "माल मोबाइलवरून घेणार आणि नाव आमच्याकडे घालणार, ये अच्छा है." पण हात चालूच होता. सुईचं मशीन टरटरत गेलं आणि कुकरच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटली: कालकथित गंगूबाई शंकरराव रणपिसे यांच्या स्मरणार्थ. महेंद्रने अक्षरांवरून बोट फिरवलं. तिथेच दुकानात त्याचे डोळे भरून आले आणि त्याची लाज वाटून तो किसनशेठवरच खेकसला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मायाने कुकर वापरून पाहायचा म्हणून त्यात डाळ लावली. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. झाकण मध्येच फुगल्यासारखं दिसू लागलं आणि कुकर बारीक थरथरू लागला. मायाने लांबूनच गॅस बंद केला, ओला टॉवेल फेकला आणि सगळ्यांना घराबाहेर काढलं. निवल्यावर महेंद्रने झाकण तपासलं. शिट्टीची नळी आतून निम्मी बुजलेली होती. जास्त वाफ झाली तर वितळून जागा करून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या जागी साधा लोखंडी खिळा ठोकून वरून पॉलिश मारलं होतं. म्हणजे तो कुकर नव्हता, बॉम्ब होता, आणि बॉम्ब काय असतो हे ऑर्डनन्सच्या माणसाच्या मुलाला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहारात जुन्याच पातेल्यात भात झाला. शेजारपाजारची भांडी आणली होती. जेवणं उरकल्यावर माया ती ओळखून वेगळी करायला बसली. झिजलेली नावं दिसेनात, की ती चिमूटभर पीठ घेऊन भांड्याच्या पोटावर चोळायची. पीठ ठिपक्यांत बसायचं आणि नाव पांढरं होऊन वर यायचं. महेंद्र शेजारी बसून हे बघत होता. तेव्हाच माया म्हणाली, "तो कुकर परत देऊ नका. घण घाला त्याच्यावर. आईंचं नाव आहे त्याच्यावर, कुणाच्या घरात जाऊन फुटला तर?"

महेंद्रला हे पटलं नाही. पटलं नाही म्हणजे काय, त्याच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. विक्रेत्याने फोनवर त्याला उडवून लावलं होतं. नाव घातलेला माल परत घेत नाही, तुम्हाला कुणी सांगितलं होतं नाव घालायला, असं वर ऐकवलं होतं. गंगूबाईचं नाव घातलं ही जणू महेंद्रचीच चूक. तळपायाची आग मस्तकात गेली. आता कुकरचं काय होतं हे महत्त्वाचं नव्हतं. तो त्या माणसाच्या घशात कोंबणं महत्त्वाचं होतं. त्याने ॲपवर 'माल खराब' म्हणून परतीची नोंद केली आणि वाट बघत बसला.

पार्सल परत न्यायला सुयोग नावाचा माणूस आला. घरोघरी सामान पोचवून पोट भरणारा, संसारी गृहस्थ. त्याने खोका उघडला, नाव बघितलं आणि हात जोडले. नाव असलेला माल घेतला तर माझ्या पगारातून कापतात, दादा, असं तो म्हणाला. महेंद्रने चष्मा काढून खिशात ठेवला. मग सुयोगची कॉलर धरून त्याला जिन्याच्या भिंतीवर असं आदळलं की त्याचा खालचा ओठ दाताने फाटला. हनुवटीवरून रक्त गळत असताना सुयोगने मोबाइलवर परतीच्या तपासणीत 'माल ठीक' असं दाबलं, कुकर पिशवीत घातला आणि उतरून गेला. माया दारात उभी होती. तिने पुढे होऊन महेंद्रचं मनगट धरलं नाही. ती गंगूबाई नव्हती.

पैसे खात्यात परत आले आणि महेंद्रने ती कथा गावभर सांगितली. कंपनीत, चहाच्या टपरीवर, विहाराच्या पायरीवर. ऑनलाइनवाल्याला पाणी पाजणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं. दर खेपेला सुयोगचा ओठ थोडा जास्त फाटायचा. विहारासाठी त्याने किसनशेठकडून दुसरा कुकर घेतला, त्यावर आईचं नाव घातलं, आणि पहिल्याचा विषय त्याच्यापुरता संपला.

स्वप्नाली लग्न होऊन बदलापूरला, शिरगावला राहत होती. नवरा विक्रांत एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात. दोघांनी हप्त्यावर घर घेतलेलं आणि हप्त्याला हातभार म्हणून तिने डबे सुरू केले होते. आसपासच्या इमारतींतली एकटी राहणारी मुलंमुली तिच्या आमटीवर खूष होती. डबे वाढले तसा घरातला कुकर पुरेना. मोठा कुठून घेऊ म्हणून तिने बापाला विचारलं, तेव्हा महेंद्र हसून म्हणाला, "ऑनलाइन घे. दुकानवाले लुटतात. बिघडला तर मी आहे ना."

एवढ्या मोठ्या मापाचे कुकर ऑनलाइन थोडेच मिळतात, आणि जवळचा विक्रेता ॲप आधी दाखवतं. तिने वरचाच निवडला.

पहिले दोन-तीन दिवस तो नीट चालला. मग एका सकाळी, डब्यांची घाई चालू असताना शिट्टी होईना. आईसारखी ती लांब उभी राहिली नाही. आईने तिला त्या कुकरची गोष्ट सांगितली होती. पण घाईत माणूस दुसऱ्याच्या गोष्टी आठवत बसत नाही. काय झालं बघायला ती वाकली. झाकण उडालं ते तिच्या तोंडावर. त्याच्या दांड्याने उजवा डोळा फोडला, गालाचं हाड आत गेलं आणि उकळती डाळ मानेवरून छातीवर पसरली. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा भिंतीवर डाळ आणि रक्त एकत्र वाळत होतं, आणि स्वप्नाली ओट्याखाली मुटकुळं करून पडली होती. ती ओरडत नव्हती. दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की इस्पितळात ते उघडायला चमचा घालावा लागला.

उजवा डोळा गेला. डावा वाचला, पण त्यालाही पट्टी होती. महेंद्र पलंगाजवळ उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला मारायला समोर कुणी नव्हतं. विक्रांत पोलिसांत तक्रार द्यायचं बोलत होता, ग्राहक मंच म्हणत होता. शंकररावांसारखाच मुलगा. महेंद्रला त्याचा राग आला आणि मग त्या रागाचाही राग आला. तेवढ्यात स्वप्नालीचा हात चादरीवरून चाचपडत आला आणि बापाच्या बोटांना लागला.

"पप्पा," ती म्हणाली. ओठ भाजलेले, शब्द पुरते फुटत नव्हते. "ज्याने तो घरात पाठवला ना, त्याला सोडू नका."

"नाही सोडत," महेंद्र म्हणाला. त्याने जन्मात दिलेल्या शब्दांत हा सगळ्यात सोपा होता.

शिरगावच्या घरातून त्याने कुकर गोणीत घातला. पोलीस पंचनाम्याला येतील, राहू द्या, असं विक्रांत म्हणत राहिला. महेंद्रने ऐकलं नाही. ओट्याजवळ पडलेल्या खोक्यावर उल्हासनगरचा पत्ता होता. गाव तेच, विक्रेता तोच असेल असंही त्याला वाटून गेलं, आणि बरंच वाटलं. तेव्हाच त्याचे दात घशात घातले असते तर आज हे झालं नसतं, एवढाच पश्चात्ताप त्याला रिक्षात बसल्या बसल्या झाला. बाहेरचं त्याला काही दिसत नव्हतं. गोणीतला कुकर मांडीवर होता. कुठे मारायचं हे तो ठरवत होता. डोळ्यावर, उजव्या.

गोदाम उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत होतं. आत लोकांनी परत केलेल्या खोक्यांचे ढीग छताला लागलेले. एका कोपऱ्यात दोन बाया खोके उघडून माल पुसत होत्या आणि नव्या खोक्यांत भरत होत्या. दुसऱ्या कोपऱ्यात पॉलिशचं चाक फिरत होतं आणि एक माणूस त्यावर परातीचं पोट धरून घासत होता. कुणाच्या तरी लग्नातली परात असावी. टेबलामागे मालक बसला होता. श्यामकांत त्याचं नाव. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, समोर उपवासाचा डबा उघडलेला.

महेंद्रने गोणी टेबलावर ठेवली, कुकर बाहेर काढला आणि विचारलं, "हा तुझा?"

श्यामकांतने तोंडातला घास गिळला. ऑर्डर नंबर सांगा, असं काहीतरी तो म्हणाला. महेंद्रने चष्मा खिशात ठेवला.

पहिला फटका कपाळावर बसला. कुकरच्या कडेने भुवईच्या वरची कातडी उसवली आणि श्यामकांत खुर्चीसकट मागे गेला. महेंद्र टेबल ओलांडून त्याच्या छातीवर बसला. दुसरा फटका चुकवायला श्यामकांतने हात आडवा घातला. मनगट मोडल्याचा आवाज चाक फिरत असतानाही ऐकू आला. तिसरा तोंडावर बसला. साबुदाणा, दात आणि रक्त एकत्रच बाहेर आलं. बाया किंचाळत पळाल्या. चाकावरचा माणूस परात छातीशी धरून भिंतीला चिकटला. महेंद्रला कुणीही अडवलं नाही. मुलीचा डोळा, मुलीचा डोळा, एवढंच तो म्हणत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. हाताला काम मिळालं होतं.

मग त्याने उजव्या डोळ्यासाठी कुकर दोन्ही हातांनी वर उचलला. कुकर रक्ताने बुळबुळीत झाला होता, निसटू लागला. पकड बसावी म्हणून त्याने तळव्याने त्याचं पोट पुसलं.

रक्त वरवरचं गेलं. ठिपक्यांतलं गेलं नाही.

चष्मा खिशात होता, तरी त्याला दिसलं. घासून गुळगुळीत केलेल्या पोटावर लाल बारीक ठिपके उभे राहिले होते. आधी गं, मग त्याच्या शेजारी गू, पुढे थोडं पुसट, मग शंकर. महेंद्रने पुन्हा तळवा फिरवला, जसं मायाने पीठ फिरवलं होतं तसं. ठिपके आणखी भरले. आईचं नाव भरत भरत वर आलं, सबंध, अगदी स्मरणार्थपर्यंत.

खाली श्यामकांत रक्ताची गुळणी बाजूला थुंकत बोलत होता. जीव वाचवण्यासाठी माणूस खरं बोलतो तसं बोलत होता. "मी परत घेतच नव्हतो हो हा. नाव होतं याच्यावर. तो पार्सलवाला ओठ फाटलेला घेऊन आला, म्हणाला घ्या नाहीतर तो माणूस मला मारून टाकेल. म्हणून घेतला. घासला आणि पुन्हा विकायला लावून दिला. सगळेच लावतात."

श्यामकांत काही निष्पाप नव्हता, हे सांगून टाकलं पाहिजे. खिळा ठोकलेला माल दोनदा विकणाऱ्या माणसाला जे मिळालं त्याचं दुःख करायचं कारण नाही, आणि पुढे त्याच्यावर खटला झाला तो योग्यच झाला. पण त्या क्षणी महेंद्र त्याच्याकडे बघतही नव्हता. तो स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. दोन्ही हात अजून वर होते आणि त्यांना धरायला मागे कुणी नव्हतं. आईचं नाव हातात असून ती त्याला थांबवायला आली नव्हती. ती थांबवायला आली होती ती त्या दिवशी, मायाच्या तोंडून, घण घाला म्हणून. तेव्हा त्याला जिंकायचं होतं.

त्याने हात खाली घेतले, चष्मा डोळ्यांवर चढवला. कुकर गोणीत घातला. चाकाजवळच्या माणसाला त्याने इस्पितळाचं नाव सांगितलं. पोलीस आले तर मी तिथे आहे, पळणार नाही, आणि याला दवाखान्यात न्या, असं सांगून तो निघाला. रिक्षावाल्याने त्याचे कपडे पाहून आधी नकार दिला. महेंद्र त्याच्यावर ओरडला नाही. दुसरी रिक्षा मिळेपर्यंत गोणी छातीशी धरून उभा राहिला.

वॉर्डात माया पलंगाशी बसली होती. तिने त्याचे हात पाहिले आणि डोळे मिटले. स्वप्नालीला पट्टीखालून काही दिसत नव्हतं, पण बापाच्या चपलांचा आवाज ती ओळखायची.

"पप्पा," तिने विचारलं, "मिळाला?"

"मिळाला."

"मारलंत?"

महेंद्रने कुकर गोणीतून काढून पलंगावर, तिच्या हाताखाली ठेवला. तिची बोटं त्याने पोटावरच्या ठिपक्यांवरून फिरवली. वाळलेल्या रक्ताने अक्षरं आता खरखरीत लागत होती. मग त्याने सांगितलं. आजीच्या नावाचा कुकर, आई नको म्हणत असताना परत दिलेला, त्या पार्सलवाल्याचा ओठ, पॉलिशचं चाक. त्याला गोष्ट रंगवून सांगायची सवय होती. या वेळी त्याने काही रंगवलं नाही. माया पदर तोंडात धरून ऐकत होती.

"गोदामातल्याला मारलं मी," तो शेवटी म्हणाला. "पण तो घरात पाठवणारा मी आहे, बाळा."

स्वप्नालीची बोटं कुकरवर थांबली. मग तो हात उठला, हवेत चाचपडला आणि त्याच्या शर्टाची कॉलर सापडताच तिने ती मुठीत धरली. भाजलेल्या अंगात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. तिने त्याला खाली ओढलं आणि दुसऱ्या हाताने मारलं. सुई टोचलेला हात होता, सलाइनची नळी उपटली गेली, चादरीवर रक्त उडालं. फटका अर्धवट कानावर, अर्धवट हवेत बसला. नर्स धावत आली. महेंद्रने तिला हाताने थांबवलं, राहू द्या म्हणाला.

स्वप्नालीचा हात पुन्हा उठला होता आणि त्याला शोधत होता. महेंद्रने चष्मा काढून खिशात ठेवला, आणि तिचा हात नीट पोचावा म्हणून आणखी खाली वाकला.